मापातले डिझेल

डिझेलच्या गाडीचा धूर तीन रंगांचा असतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त झाले किंवा हवा कमी पडली. पांढरा म्हणजे डिझेल पुरते न जळताच बाहेर पडले. निळा म्हणजे डिझेलसोबत इंजिनचे ऑइलही जळू लागले. ज्यांचे आयुष्य रस्त्यावर गेले ती माणसे, वैद्याने जीभ पाहावी तसा, हा धूर पाहतात. सुरतेहून धुळ्याकडे येताना नवापूर आणि विसरवाडी मागे पडली की कोंडाईबारीचा घाट लागतो. तिथे पुढच्या गाडीचा धूर पाहून मागचा ड्रायव्हर क्लीनरला सांगतो, “ह्याने पंप वाढवलाय बघ.”

या वाक्यातला जो पंप, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे. पंप म्हटले की आपल्याकडच्या माणसाला विहिरीवरची मोटार आठवते, नाहीतर पेट्रोल पंप. हा पंप इंजिनच्या कुशीला बसलेला असतो. त्याच्या डोक्यावरून निघालेल्या लोखंडी नळ्या एकेका सिलिंडरकडे जातात. कोणत्या सिलिंडरला, कोणत्या क्षणी आणि किती डिझेल द्यायचे हे तो ठरवतो. इंजिनला हृदय म्हणण्याची रीत आहे. मला विचाराल तर डिझेलच्या गाडीत ते बिरुद या पंपाला द्यावे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वी झाले. पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी त्याला लागत नव्हती. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की दाबानेच ती तापावी, आणि त्या तापल्या हवेत इंधनाचा फवारा मारायचा, म्हणजे तो आपोआप पेटतो. कल्पना सुरेख, पण फवारा मारायचा कसा? त्या काळी तो दाबलेल्या हवेच्या जोराने मारीत आणि त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे. असले धूड कारखान्यात चाले, जहाजात चाले; रस्त्यावरच्या गाडीत ते कोठे बसवणार? स्वतः डिझेल सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. डिझेलवर धावणारे मालट्रक पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. पुढे १९२७ पासून रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले आणि मग कॉम्प्रेसरची गरज उरली नाही. डिझेल इंजिन रस्त्यावर स्थिरावले ते अशा पंपांच्या बळावर.

आपल्याकडे १९५१ मध्ये बंगलोरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली. तिच्या आद्याक्षरांचे ‘मायको’ झाले. तिचा एक कारखाना नाशिकला सातपूरला आला आणि नाशकातल्या एका चौकाला लोक मायको सर्कल म्हणू लागले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बदलून बॉश झाले. चौक मात्र अजून मायकोच आहे. खेडोपाडीच्या मिस्तरी लोकांच्या तोंडीही ‘मायकोचा पंप’ हाच शब्द बसला.

असा एक मायकोचा पंप आमच्या मामाच्या गाडीवर होता.

खानदेशातल्या माणसाला सुरत परकी नाही. ताप्तीच्या काठाकाठाने जाणाऱ्या जळगाव-उधना रेल्वेने आमच्या गावोगावची माणसे तिकडे गेली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. कोणी लूमवर गेले, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी मार्केटात पार्सल वाहू लागले. मामा आधी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. १९९२ मध्ये त्याने कर्ज काढून जुनी टाटा चारशेसात विकत घेतली. टाटांनी ही गाडी १९८६ मध्ये बाजारात आणली होती. मामाच्या गाडीला मागे उघडा हौदा होता आणि वस्तीत सगळे तिला पिकअपच म्हणत. रिंग रोडच्या मार्केटातून साड्या आणि ड्रेसचे कापड भरायचे, साक्री, धुळे, नंदुरबारला उतरवायचे, आणि येताना नंदुरबारच्या लाल मिरच्या नाहीतर कांदे आणायचे, असा त्याचा फेरा होता. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी होऊ लागली तेव्हा गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. मामाने त्या आठवड्यात कापड भरले नाही, माणसे भरली आणि नवापूरपर्यंत नेऊन सोडली. त्या फेऱ्यांचे भाडे ज्याने दिले त्याचे घेतले, ज्याने दिले नाही त्याला विचारले नाही. त्यामुळे गाडीविषयी वस्तीत एक जिव्हाळा होता.

१९९६ च्या उन्हाळ्यात हीच गाडी कोंडाईबारीत बसू लागली. बसू लागली म्हणजे बंद पडत नव्हती. पण दुसरा गिअर टाकला तरी ओढत नव्हती आणि मागे काळ्या धुराचा लोट सोडत होती. कर्जाचे हप्ते चालू होते. घाटात एक तास जास्त लागला की बाजार हुकतो, आणि बाजार हुकला की व्यापारी दुसरी गाडी बघतो. रस्त्यावरच्या चार जाणत्यांनी मामाला एकच उपाय सांगितला : पंपाचे सील तोडून डिझेल वाढव.

हे सील म्हणजे काय ते सांगायला हवे. ॲक्सिलरेटर पुरता दाबला तरी अमुकच्या वर डिझेल जाऊ नये म्हणून पंपात एक अडसर असतो आणि तो एका स्क्रूने ठरवलेला असतो. तो स्क्रू कोणी फिरवू नये म्हणून त्यातून तार ओवून तिला शिशाचे सील मारतात. तार तोडायला पक्कड पुरते आणि स्क्रू फिरवायला दोन मिनिटे.

मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत मामाकडे होतो, म्हणून त्याच्याबरोबर उधन्यातल्या पंप-नोझलच्या मिस्तरीकडे गेलो. मिस्तरी आमच्याच शहाद्याकडचे. साठीला टेकलेले, अंगात खाकी शर्ट, आणि दुकान असे स्वच्छ की आत चपला काढून जावे लागे. त्याचे कारण नंतर कळले. पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक पोलादी दांडी आणि तिच्याभोवती एक पोलादी नळी असते. दोन्ही मिळून त्याला एलिमेंट म्हणतात. दांडी आणि नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट, बस्स. त्या फटीत वेगळे वंगण घालत नाहीत. स्वतः डिझेलच तिथले वंगण. म्हणून धुळीचा एक कण पुरतो, म्हणून रॉकेल मिसळलेले डिझेल त्याला मारते. दांडी आणि नळी एकमेकींना घासूनच बनवलेल्या असतात. एका जोडीची दांडी दुसरीच्या नळीत चालत नाही. मिस्तरी सुटे एलिमेंट धुऊन ठेवताना प्रत्येक जोडी दोऱ्याने बांधून ठेवीत.

मामा म्हणाला, “मिस्तरी, सील तोडी टाका. गाडी घाटवर चढत नही.”

मिस्तरींनी पंपाकडे पाहिलेही नाही. त्यांनी मला हाक मारली, “ये भाचा, बठ,” आणि एअर क्लीनर उघडायला सांगितले. आत करड्या रंगाची, लोकरीच्या नमद्यासारखी दाट गादी बसली होती. लूमच्या गल्ल्यांतून आणि चिंध्यांच्या गोडाऊनपुढून रोज फिरणारी गाडी. तिने दोन-तीन वर्षे तंतू आणि धूळ ओढली होती. मिस्तरींनी ती गादी बोटांत धरून मामाला दाखवली. “डिझेल वाढाईसन काय करशी, भो? हवा कथाईन आनशी?”

हवा कुठून आणशील, या प्रश्नात डिझेल इंजिनचे सगळे शास्त्र आहे. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवा वाढते. अशा जुन्या डिझेलच्या गाडीत तसे नाही. हवा सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच दर खेपेला येते. पाय दाबला की वाढते ते फक्त डिझेल. एक किलो डिझेल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. हवा तेवढी नसेल तर वरचे डिझेल जळत नाही, त्याची काजळी होते. ती थोडी धूर होऊन मागे जाते, थोडी ऑइलमध्ये उतरून इंजिन झिजवते, आणि जास्तीच्या आगीने पिस्टनचे डोके तापते ते वेगळेच.

एअर क्लीनर साफ झाल्यावर टायमिंगची पाळी आली. हे काम मी त्या दिवशी प्रथम पाहिले. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर येत असताना, तो अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधी फवारा सुरू व्हावा लागतो. किती आधी, त्याची खूण इंजिनवर असते. मिस्तरींनी इंजिन त्या खुणेवर आणून ठेवले. पंपावरची पहिल्या सिलिंडरची नळी सोडवली, तिच्या खालचा डिलिव्हरी वॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून बाजूला ठेवली आणि त्या जागी हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी बसवली. मग हातपंप मारला. नळीच्या तोंडातून डिझेलची धार लागली. पंपाच्या बोल्टांची भोके लांबट असतात, त्यामुळे बोल्ट ढिले केले की पंप किंचित फिरवता येतो. मिस्तरी तो केसाकेसाने फिरवू लागले.

“भाचा, आते थेंब मोज,” ते म्हणाले.

धार बारीक झाली, तुटली, थेंब पडू लागले. थेंबाथेंबांतले अंतर वाढत गेले. एक थेंब नळीच्या टोकाला लोंबत राहिला आणि पडेना. त्या क्षणी आत दांडीच्या वरच्या काठाने डिझेल येण्याचे भोक बंद केलेले असते. फवारा सुरू होतो तो इथून. मिस्तरींनी बोल्ट आवळले आणि जुनी खूण दाखवली. पंप सरकून जेमतेम दीड मिलिमीटर मागे गेलेला होता. तेवढ्यानेच फवारा उशिरा पडत होता आणि ताकद धुराच्या वाटेने चालली होती.

तरीही त्यांचे समाधान झाले नाही. दुसऱ्या दिवशी पंप उतरवून त्यांनी तो मशीनवर चढवला. या मशीनमध्ये विजेच्या मोटारीने पंप फिरवतात, चार नोझलमधून चार फवारे पडतात आणि ते चार काचेच्या मापाच्या नळ्यांत जमा होतात. ठरावीक फेऱ्या झाल्या की मशीन थांबते आणि नळ्या शेजारी शेजारी उभ्या करून पातळी पाहायची. तीन नळ्या जवळपास सारख्या होत्या, तिसरी मात्र बोटभर वर होती. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला जास्त डिझेल मिळत होते आणि तो धूर करीत होता; बाकीचे तिघे कमी पोटी ओढत होते. मिस्तरींनी तिसऱ्या एलिमेंटच्या कडीचा स्क्रू ढिला केला, कडी सुतभर फिरवली आणि मशीन पुन्हा चालवले. पुन्हा पाहिले, पुन्हा फिरवली. चार-पाच वेळा असे झाल्यावर चारी नळ्यांतले डिझेल एका रेघेत आले. कंपनीच्या तक्त्यातल्या आकड्याशी त्यांनी ते ताडून पाहिले, आणि सील होते तसेच ठेवले.

मामाला हे पटले नाही. तो सील तोडून घ्यायला आला होता. गाडी आता सुधारेल हे त्याला मान्य होते, पण त्याचे म्हणणे असे की सुधारलेल्या गाडीत वर आणखी थोडे डिझेल दिले तर ती हंगामात अर्धा टन जास्त ओढेल आणि हप्ता सुटेल. त्याच्या बोलण्यात हाव नव्हती, हिशेब होता. मिस्तरींनी ऐकून घेतले. मग शांतपणे सांगितले की स्क्रू फिरवणे त्यांना जड नाही. पण मग चार नळ्या एका रेघेत आणण्यात त्यांनी घालवलेला दिवस फुकट जाईल, आणि दोन हंगामांनी हीच गाडी उघडलेल्या इंजिनसकट दारात उभी राहील. आणखी एक गोष्ट त्यांनी बोलता बोलता सांगितली, ती माझ्या मनात राहिली. लिंबायतच्या गल्लीत सकाळी गाडी चालू केली की तो धूर शेजारच्या झोळीतल्या पोरापर्यंत जातो. डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठामपणे जाहीर केले ते २०१२ मध्ये. मिस्तरींना ते कोणी सांगितलेले नव्हते. धूर नाकात गेला की काय होते एवढेच त्यांना ठाऊक होते.

मामाने त्या दिवशी सील तोडले नाही. बाहेर दहा दुकाने होती जिथे दोन मिनिटांत काम झाले असते. तो गेला नाही. मात्र हे सुखासुखी झाले असे कोणी समजू नये. गाडी कोंडाईबारी नीट चढू लागली, धूर जवळपास गेला, डिझेलचे ॲव्हरेजही सुधारले. पण भरायचा माल तिच्या मापातच भरावा लागे. त्या दिवाळीला एका व्यापाऱ्याने मामाचे काम काढून दुसऱ्या गाडीवाल्याला दिले, कारण तो एका फेऱ्यात जास्त पार्सल नेत होता. त्या गाडीचा धूर आम्ही घाटात पाहिला होता. मामीने हातातल्या दोन बांगड्या मोडून पुढचे हप्ते भरले. मिस्तरींना दोष देणारा शब्द मामाच्या तोंडून निघाला नाही. पण त्या वर्षी तो त्यांच्याकडे चहाला गेला नाही हेही खरे.

पुढे दहा वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, उकाईतून सोडलेले पाणी सुरतेत शिरले. गाडी अडाजणला माल उतरवायला गेली होती ती तिथेच अडकली आणि बॉनेटसकट पाण्यात बुडाली. पाणी ओसरल्यावर ती दोराने ओढून उधन्याला आणली तेव्हा मिस्तरींच्या दुकानापुढे पंपांची रांग लागली होती. ट्रकचे, टेम्पोचे, जनरेटरचे पंप, चिखलाने माखलेले. डिझेलच्या वंगणावर जगणाऱ्या त्या एलिमेंटमध्ये पाणी गेले होते आणि दांड्या नळ्यांत गंजून अडकल्या होत्या. मिस्तरींनी एकेक पंप उघडला. मामाच्या पंपातल्या दोन जोड्या सुटल्या, घासून धुऊन चालू झाल्या. दोन नव्या घालाव्या लागल्या. टाकी, फिल्टर, नळ्या सगळे धुऊन झाल्यावर हातपंप मारून आतली हवा काढली. नळ्यांचे नट ढिले करून क्रँक मारताच बुडबुडे आले, मग सलग डिझेल आले. नट आवळले आणि गाडी चालू झाली. पांढरा धूर थोडा वेळ आला, मग तोही गेला.

इंजिनचे हेड त्या वेळी खोलले होते. मिस्तरींनी पिस्टनची डोकी मामाला दाखवली. चौदा-पंधरा वर्षे घाट चढलेली ती डोकी शाबूत होती, काठ वितळलेले नव्हते. दोघेही काही बोलले नाहीत. मामाने चहा सांगितला.

आता हे सारे मागे पडले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम आले. नव्या पिकअपमध्ये रांगेतला पंप नसतो, कॉमन रेल असते. किती डिझेल, केव्हा, हे कॉम्प्युटर ठरवतो आणि मिस्तरीच्या हातात पान्याच्या जोडीला लॅपटॉप लागतो. नाशिकच्या त्याच कारखान्यात आता कॉमन रेलची इंजेक्टर बनतात. जुन्या गाड्यांसाठी पीयूसीच्या तपासणीत धुराची मर्यादा पासष्ट हार्ट्रिज एकक अशी लिहिलेली असते. पण आकडा कागदावर असतो आणि स्क्रू गाडीत असतो. तपासणीपुरता तो मागे घेऊन नंतर पुढे सारणारेही रस्त्यावर भेटतात. नव्या गाडीत सील तोडण्याऐवजी कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून देणारे निघाले आहेत. साधन बदलले, मोह तोच राहिला.

आपण आपल्या समाजात सारखी वाटणी, सारखी संधी असे शब्द पुष्कळ वापरतो. मला ते ऐकताना मशीनवरच्या चार काचेच्या नळ्या दिसतात. तिसऱ्याला जास्त मिळत होते म्हणून तो सुखी नव्हता. तो जळत होता आणि बाकीचे ओढत होते. आणि चौघांची रेघ एक झाल्यावरही वरची मर्यादा कोणीतरी पाळावी लागते, कारण हवा सगळ्यांना मिळून तेवढीच आहे. ती पाळण्याची किंमत मात्र सगळ्यांना सारखी पडत नाही. आमच्या घरी ती मामीच्या दोन बांगड्यांएवढी पडली. त्या बांगड्या पुढे पुन्हा झाल्या, पण त्याला बरीच वर्षे लागली.